दार कोणी वाजवायचं?

आपल्याकडे रेशनकार्डात नाव घालायला अर्ज लागतो. जातीच्या दाखल्याला अर्जासोबत आजोबांच्या शाळेचा दाखलाही लागतो. पण गरोदर बाईला आणि तिच्या सहा वर्षांखालच्या लेकराला अंगणवाडीतून आहार मिळावा, यासाठी मुळात अर्जच नव्हता. सेविकेने वस्तीत फिरायचं, घरं मोजायची, कुणाला दिवस गेलेत, कुणाचं बाळ सहा महिन्यांचं झालं हे विचारायचं आणि नाव रजिस्टरात लिहायचं. आईने कुठल्याही ऑफिसच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, असा हिशोब होता.

आज तीच आई आधार कार्ड, मोबाइल आणि ओटीपी घेऊन अंगणवाडीत जाते आणि कॅमेऱ्यासमोर चेहरा धरते. चेहरा जुळला, तर आहाराचं पाकीट. २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे आपली अंगणवाडी, २०२५मध्ये पन्नास वर्षांची झाली. या पन्नास वर्षांत दार वाजवण्याची जबाबदारी सरकारकडून आईकडे कशी सरकत गेली, त्याची ही गोष्ट.

अंगण आधी, योजना नंतर

'अंगणवाडी' हा शब्द दिल्लीच्या कुठल्या फायलीत जन्मलेला नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं होतं. शहरातल्या मुलांसाठी माँटेसरीची पद्धत भारतीय करून झाल्यावर त्यांना प्रश्न पडला, की खेड्यातल्या गरीब मुलांचं काय? १९४५मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथे अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. १९५७मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं.

तिथे एक साधी अडचण होती. बालवाडी उघडली तरी मुलं येत नव्हती. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जायची, त्यांच्या कडेवर धाकटी भावंडं असायची. मग शाळाच मुलांकडे नेली गेली. वस्तीतल्या अंगणात भरली ती अंगणवाडी आणि गुरांमागे कुरणात गेली ती कुरणशाळा. मुलांची अंघोळ, नखं, केस, खाणं हेही शिक्षणातच धरलं गेलं. मूल येत नसेल, तर चूक मुलाची किंवा आईची नाही, आपली जागा चुकली आहे, असा विचार त्यामागे होता. ताराबाई १९७३मध्ये गेल्या. दोन वर्षांनी सरकारने देशभरासाठी योजना आणली, तेव्हा केंद्राचं नाव ठरलं अंगणवाडी.

त्याच वर्षांत, दुसऱ्या टोकाला

साधारण याच काळात अमेरिकेतही माता आणि बालकांच्या आहाराची योजना उभी राहत होती. तिचं तिथलं रोजच्या वापरातलं नाव 'विक'. विमेन, इन्फन्ट्स अँड चिल्ड्रन या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलेलं. १९६०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या गरीब वस्त्यांतल्या दवाखान्यांत डॉक्टरांना दिसत होतं, की आया आणि बाळं ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यांचं मूळ उपाशीपणात आहे. १९७२च्या सप्टेंबरमध्ये कायदा झाला. पण योजना ज्या कृषी खात्याकडे सोपवली, त्याने ती सुरू करायला टाळाटाळ केली. प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टाने खात्याला कामाला लावलं आणि १९७४च्या जानेवारीत केंटकी राज्यातल्या पाइनव्हिल या खाणीच्या मुलखातल्या गावात पहिलं केंद्र उघडलं.

'विक'ची रचना अर्जाची आहे. गरोदर बाईने किंवा पाच वर्षांखालच्या मुलाच्या आईने दवाखान्याची वेळ घ्यायची, ओळखीचा, पत्त्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा न्यायचा. उत्पन्नाची मर्यादा सरकारी दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के. वजन, उंची, रक्तातलं लोह तपासून तिथला आरोग्य कर्मचारी 'पोषणाचा धोका आहे' असं लिहितो. मग ठरावीक वस्तूंसाठी कुपन, हल्ली कार्ड मिळतं. दूध, अंडी, कडधान्यं, बाळाची पावडर असं सामान दुकानातून घ्यायचं. नागरिकत्व विचारलं जात नाही, ही त्यातली मोठी चांगली बाजू. पण 'विक' हा तिथे कायदेशीर हक्क नाही. त्या वर्षी संसदेने जेवढे पैसे दिले तेवढ्यातच भागवायचं आणि कमी पडले तर प्रतीक्षा यादी लावायची, अशी तरतूद आहे.

दोन्ही योजना एकाच दशकातल्या. तिथे आईने दवाखान्याचं दार वाजवायचं, इथे सेविकेने आईचं. कागदावर तरी आपली रचना जास्त माणुसकीची होती. प्रत्यक्षात काय झालं?

धारणी आणि धारावी

१९७५मध्ये देशात ३३ प्रकल्प सुरू झाले. महाराष्ट्रात त्यांतले दोन आले, मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी. एक कोरकू पाड्यांचा तालुका, दुसरी दाटीवाटीची झोपडपट्टी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, मोठ्या दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांची बालवाडी अशा सहा सेवा एकाच खोलीतून द्यायच्या होत्या. साधारण हजार लोकवस्तीमागे एक अंगणवाडी, आदिवासी भागात सातशेमागे एक.

हे सगळं चालवायचं गावातल्याच एका बाईने. तिला नोकर म्हटलं गेलं नाही. ती 'मानसेवी', म्हणून तिला पगाराऐवजी मानधन. सुरुवातीला मॅट्रिक झालेलीला महिन्याला १५० रुपये, न झालेलीला १००. मदतनीस बाईला ३५. मुलांना भरवणं आणि बायकांना समजावणं हे बाईचं आपसूक येणारं काम, त्याला कसला पगार, हे गृहीतक तेव्हाच योजनेच्या पायात घातलं गेलं.

दुसरी गोम जास्त खोल होती. सेविका दारोदार जाणार, हे खरं. पण कुठल्या दारी? जिथे प्रकल्प मंजूर झाला त्या तालुक्यात, जिथे केंद्र मंजूर झालं त्या गावात. मुख्य गावापासून दोन डोंगर पलीकडच्या पाड्यावरची आई कुठल्याच रजिस्टरात नव्हती, आणि आपलं नाव नाही हे तिला कळायलाही मार्ग नव्हता. अर्जाच्या पद्धतीत निदान अर्ज फेटाळला जातो, नकाराचा कागद हातात येतो. सर्वेक्षणाच्या पद्धतीत सुटलेल्या माणसाची कुठेच नोंद राहत नाही.

१९९०च्या दशकात मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. देशातल्या पहिल्या ३३ प्रकल्पांपैकी एक जिथे सुरू झाला, तोच हा भाग. योजना पोचूनही मुलं का मरत होती? कारणं अनेक होती. रस्ते नव्हते, दवाखान्यात डॉक्टर नव्हते, पावसाळ्यात घरात धान्य नव्हतं, होळीनंतर माणसं कामाला बाहेर पडत होती. शिवाय आहाराचा भर केंद्रात येऊन बसणाऱ्या तीन वर्षांवरच्या मुलांवर पडत होता. कुपोषणाची खरी घसरण होते ती पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत, आणि ते मूल स्वतः चालत अंगणवाडीत येत नाही.

नोंदींचाही प्रश्न होता. रजिस्टरात तीव्र कुपोषित मूल दाखवलं, की वरून विचारणा व्हायची. विचारणा कुणाला? मानधनावरच्या सेविकेला. त्यामुळे मूल कागदावर एक श्रेणी वर सरकवणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोवळी पानगळ' या नावाने अहवाल मांडला, तेव्हा सरकारी आकड्यांपेक्षा प्रत्यक्षातले बालमृत्यू कितीतरी जास्त आहेत हे उघड झालं. राज्याने २००५मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं आणि पहिल्या हजार दिवसांवर भर द्यायला सुरुवात झाली.

त्याचा उपयोग झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या खुजेपणाचं प्रमाण २००५-०६मध्ये ४६.३ टक्के होतं, ते २०१५-१६मध्ये ३४.४वर आलं. पण २०१९-२१मध्ये ते ३५.२ टक्के भरलं. म्हणजे उतरण थांबली. आजही राज्यातल्या दर तीन मुलांमागे एकाची उंची वयाच्या मानाने कमी आहे.

कोर्टाने काढलेला निकष

२००१च्या एप्रिलमध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामांत धान्य सडत होतं. या खटल्यातून पुढची पंधरा-सोळा वर्षं एकामागून एक आदेश निघाले. २८ नोव्हेंबर २००१च्या आदेशाने सरकारी योजनांतल्या लाभांना हक्काचं रूप दिलं. प्रत्येक वस्तीला अंगणवाडी हवी आणि प्रत्येक मुलाला, गरोदर आणि स्तनदा मातेला आहार मिळाला पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलं.

त्यानंतरची दोन पावलं आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहेत. ७ ऑक्टोबर २००४ला कोर्टाने सांगितलं, की अंगणवाडीच्या आहारासाठी दारिद्र्यरेषेखालचं असणं ही अट लावता येणार नाही. म्हणजे उत्पन्नाचा दाखला नाही, पिवळं-केशरी कार्ड नाही, तलाठ्याकडे हेलपाटा नाही. त्याच आदेशात आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत, गावातल्या बचतगटांना आणि महिला मंडळांना काम द्या, असंही म्हटलं होतं. (महाराष्ट्रात महिला संस्थांच्या पाटीआड ठेकेदार कसे घुसले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पाकिटातला आहार घशाखाली उतरत नाही, तो गुरांपुढे जातो, ही तक्रार खेडोपाडी वर्षानुवर्षं ऐकू येते.)

१३ डिसेंबर २००६च्या आदेशाने दार दुसऱ्या बाजूनेही उघडलं. एखाद्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर वस्तीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. सर्वेक्षणातून सुटलेल्या पाड्याला पहिल्यांदाच 'आम्ही इथे आहोत' असं अधिकाराने सांगता आलं. हाही अर्जच, पण तो एकट्या आईने करायचा नव्हता, वस्तीने मिळून करायचा होता.

कायदा आला, फॉर्मही आला

२०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हे सगळं संसदेच्या शब्दांत बांधलं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला, तसंच सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार. शिवाय प्रत्येक गरोदर बाईला किमान ६००० रुपयांचा मातृत्व लाभ. सरकारी नोकरीत असलेल्या किंवा दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या बायका वगळून.

पैसे द्यायचे म्हटल्यावर मात्र कागद आले. १ जानेवारी २०१७पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना लागू झाली. कायद्यात 'प्रत्येक' गरोदर बाई होती, योजनेत फक्त पहिलं जिवंत अपत्य राहिलं. ६०००चे ५००० झाले आणि तेही तीन हप्त्यांत. लवकर नोंदणी केली तर १०००, तपासणी झाली तर २०००, बाळाचा जन्म नोंदवून पहिल्या लसी टोचल्या तर उरलेले २०००. प्रत्येक हप्त्याला वेगळा फॉर्म. सोबत आईचं आधार, नवऱ्याचं आधार, बँक पासबुक, माता-बाल संरक्षण कार्ड.

आता आपल्याकडची रीत आठवा. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. आधारवर नाव माहेरचं, बँकखातं सासरच्या गावात, तपासणीचं कार्ड एका उपकेंद्रातलं, जन्मनोंद दुसऱ्या तालुक्यातली. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईला तीन कागदांवर तीन नावं घेऊन 'ती मीच' हे सिद्ध करावं लागलं. जिला नवऱ्याने टाकलं, तिने नवऱ्याचं आधार कुठून आणायचं? २०२२च्या नव्या नियमांत ही अट काढली, पहिल्या बाळासाठीचे हप्ते दोन केले आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६००० रुपये देऊ केले. सुधारणा झाली. तरी 'प्रत्येक' हा शब्द अजून परत आलेला नाही.

आहाराच्या बाजूलाही आधार आलं. २०१७मध्ये अंगणवाडी सेवांसाठी आधारची अधिसूचना निघाली. २६ सप्टेंबर २०१८च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाला लाभ नाकारता येणार नाही. हे वाक्य अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून ठेवावं असं आहे.

रजिस्टर खिशात गेलं

२०२१च्या मार्चमध्ये पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आलं. कापडी कव्हरातली जाडजूड रजिस्टरं जाऊन सगळं फोनवर. कल्पना वाईट नव्हती. दिल्लीत बसलेल्यालाही मेळघाटातल्या मुलाचं वजन दिसेल, मूल दुसऱ्या गावी गेलं तर त्याची नोंद तिकडे नेता येईल. पण महाराष्ट्रातल्या सेविकांच्या हाती आलेले फोन तापायचे, बंद पडायचे आणि अ‍ॅप इंग्रजीत होतं. २०२१मध्ये राज्यभर हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. नाव मराठीत सांगणाऱ्या आईची नोंद मराठीत व्हावी एवढं साधं मागणं होतं.

१ जुलै २०२५पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली. आधी आधारवरून ओळख पटवायची, मग दर महिन्याला आहार नेताना फोटो जुळवायचा. उद्देश सांगितला गेला, की खोटी नावं गळावीत. खोटी नावं होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशोबाची दुसरी बाजू बघा. २०१७मध्ये ठरलेल्या दरांनुसार मुलाच्या दिवसाच्या आहारावर ८ रुपये आणि गरोदर बाईच्या आहारावर साडेनऊ रुपये खर्च धरलेला होता. चोरी व्हायची, ती पुरवठ्यात आणि ठेक्यात, मोठ्या रकमेची. तपासणी मात्र होते ती साडेनऊ रुपयांच्या घासासाठी आलेल्या बाईच्या चेहऱ्याची.

नेटवर्क नसेल, आधारवरचा फोटो शाळेतला असेल, ओटीपी जातो तो नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये आणि फोन नवऱ्यासोबत कामावर, असं झालं की नाव यादीत असूनही हात रिकामे राहतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं तर विचारूच नका. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड-जालन्यातून टोळ्या निघतात, पाच-सहा महिने फडात कोप्या पडतात. गरोदर बाईही कोयत्यावर असते. तिचं नाव गावच्या ट्रॅकरवर आणि ती दोन जिल्हे पलीकडे. नोंद हलवायची सोय अ‍ॅपमध्ये आहे, पण ती हलवायला कुणीतरी फडात जाऊन तिला विचारावं लागतं. आणि हे काम कुठलं अ‍ॅप करत नाही.

ते करते सेविका. तिचं काय झालं? २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अंगणवाडी सेविका हे सरकारी पद नाही. २०२२च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. डिसेंबर २०२३मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका बेमुदत संपावर गेल्या, तो संप जानेवारी अखेरपर्यंत चालला. राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. दारोदार जाणारी व्यवस्था म्हणजे ही माणसं. त्यांचा दिवस फोटो अपलोड करण्यात गेला, तर दार वाजवायला उरतं कोण?

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाला दिवस गेले असतील तर

हा इतिहास आहे, पण त्यातून आज वापरता येईल असं बरंच निघतं. अंगणवाडीच्या आहाराला उत्पन्नाची अट नाही. भाड्याने राहणाऱ्या किंवा कामासाठी आलेल्या बाईलाही जवळच्या अंगणवाडीत नोंदणी मागता येते. दिवस गेल्याचं कळल्यावर लवकर नोंद करावी, कारण तपासणीचं कार्ड आणि मातृवंदनेचे पैसे त्याच नोंदीला जोडलेले आहेत. मुलाचं आधार नाही म्हणून आहार अडवता येत नाही. आहार मिळालाच नाही, तर अन्नसुरक्षा कायद्यात त्याबदली भत्त्याची तरतूद आहे, जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी. सेविकेशी भांडून फार उपयोग होत नाही. अ‍ॅप तिने बनवलेलं नाही, उलट कुणाचा चेहरा का जुळत नाही हे तिलाच सगळ्यात आधी कळतं.

तुमच्याकडे फोन आहे आणि तो तुम्हाला चालवता येतो. शेजारच्या वहिनीच्या आधारला तिचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडून देणं, कागदांवरची तीन नावं एक करायला मदत करणं, ही कामं एका दुपारची आहेत. पाड्यावर ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर ग्रामसभेत ठराव मांडून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला अर्ज लिहिणं, हेही तसंच.

कोसबाडला मुलं येईनात, तेव्हा शाळा कुरणात गेली होती. पन्नास वर्षांच्या या योजनेला विचारायचा प्रश्नही तेवढाच साधा आहे. या महिन्यात किती चेहरे जुळले, हे ट्रॅकर सांगतो. ज्यांचे जुळले नाहीत, त्यांच्या घरी कोण जाऊन आलं?